अमर्याद अवकाशातलं श्रोडिंगर समीकरण संगणकावर सोडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी सोलापुरात गड्ड्याची यात्रा संपली की एम.एस्सी.च्या प्रोजेक्टांची घाई सुरू होते. केगावच्या विद्यापीठातून आणि शहरातल्या कॉलेजांतून मुलंमुली लॅपटॉप घेऊन येतात आणि बहुतेकांचे प्रश्न एकाच जागी येऊन अडतात: संगणकातलं जग कुठेतरी संपतं, समीकरणातलं संपत नाही. गेल्या काही बॅचेसनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी उदाहरणं अणुएककांत आहेत. म्हणजे लांबीचं एक एकक ०.०५२९ नॅनोमीटर, वेळेचं एक एकक २४.१९ ॲटोसेकंद, आणि इलेक्ट्रॉनचं वस्तुमान व प्लांकचा स्थिरांक भागिले २π (ħ) दोन्ही १.

मुळात अडचण काय आहे?

श्रोडिंगर समीकरण सांगतं की वेव्हफंक्शन, म्हणजे ज्याच्या मापाच्या वर्गातून इलेक्ट्रॉन कुठे सापडेल याची संभाव्यता मिळते ते फलन, सगळ्या अवकाशात पसरलेलं आहे, उणे अनंतापासून अधिक अनंतापर्यंत. संगणकाला मोजके बिंदू लागतात. म्हणून आपण एक तुकडा कापतो, समजा उणे २० ते अधिक २०, आणि त्यातच समीकरण सोडवतो. या तुकड्याच्या दोन कडांवर वेव्हफंक्शनने काय करायचं, हे निसर्ग सांगत नाही. ते आपल्याला ठरवावं लागतं आणि गाडी तिथेच फसते. काहीच न ठरवता कोड लिहिला तरी कोडने तुमच्या वतीने काहीतरी ठरवलेलं असतंच. बहुतेक वेळा ते म्हणजे कडेवर शून्य, अर्थात अनंत उंचीची भिंत.

भिंत राहिली तर नेमकं काय होतं?

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. मध्यभागी एक गाउशियन वेव्हपॅकेट, म्हणजे घंटेच्या आकाराचा लाटांचा पुंजका, ठेवा. संभाव्यतेची रुंदी, म्हणजे प्रमाण विचलन, १ आणि मधला वेव्हनंबर (२π भागिले तरंगलांबी) ५. अणुएककांत वेग वेव्हनंबरइतकाच असतो, म्हणून हे पॅकेट ५ च्या वेगाने उजवीकडे निघतं आणि वेळ ४ ला अधिक २० च्या कडेशी पोचतं. तोवर ते पसरून रुंदी पाचाचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.२४ झालेली असते. कडेला भिंत असेल तर येणारी आणि परतणारी लाट एकमेकींत मिसळतात आणि संभाव्यतेच्या आलेखावर दाट पट्टे उठतात. दोन पट्ट्यांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीइतकं, इथे सुमारे ०.६३. वेळ ८ ला पॅकेट पुन्हा शून्यावर येतं, आता ४.१२ इतकं रुंद होऊन.

मोकळ्या अवकाशात यातलं काहीच घडत नाही. पॅकेट जातं ते जातंच. मुलं मात्र हे पट्टे पाहून हरखतात आणि त्यांत भौतिकशास्त्र शोधू लागतात. ते दिसले की आधी अर्ध्या तरंगलांबीचा हिशेब करून बघा.

मग बॉक्सच मोठा केला की झालं ना?

एका मितीत बऱ्याचदा खरंच झालं, आणि हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही. आपल्या पॅकेटमध्ये वेव्हनंबरचा पसारा ०.५ आहे, म्हणजे तीन विचलनांपर्यंत ३.५ ते ६.५ असे घटक धरावे लागतात. वेळ ४० पर्यंत, म्हणजे जवळपास एक फेम्टोसेकंद, पॅकेट बघायचं असेल तर सगळ्यात वेगवान घटक २६० पर्यंत जातो. उणे २० ते २८० असा बॉक्स घेतला आणि बिंदूंमधलं अंतर ०.०५ ठेवलं तर बिंदू झाले ६०००. कुठलाही लॅपटॉप हे गणित हसतखेळत करेल. प्रोजेक्ट एवढाच असेल तर पुढचं काही वाचायचीही गरज नाही.

त्रिमितीत चित्र पालटतं. प्रत्येक अक्षावर ६००० बिंदू म्हणजे एकूण २१,६०० कोटी बिंदू. संमिश्र संख्येला १६ बाइट धरले तर नुसतं वेव्हफंक्शन साठवायला साडेतीन टेराबाइट मेमरी लागते. तोच बॉक्स ४० लांबीचा ठेवला, म्हणजे अक्षावर ८०० बिंदू, तर काम ८ गिगाबाइटच्या आसपास भागतं. कडांचं एवढं शास्त्र उभं राहिलं ते या फरकापायी.

मी एफएफटी (जलद फूरिए रूपांतर) वापरते, त्यात भिंतच नसते. मग मला काळजी आहे का?

आहे. फाइट, फ्लेक आणि स्टायगर यांनी १९८२ मध्ये मांडलेली, एफएफटीवर चालणारी स्प्लिट-ऑपरेटर पद्धत मलाही फार आवडते. ती वेगवान आहे आणि अवकाशातले डेरिव्हेटिव्ह त्यात जवळजवळ अचूक येतात. पण एफएफटीत डावी कड उजव्या कडेला जोडलेली असते. पॅकेट उजवीकडून बाहेर गेलं की डावीकडून आत येतं. भिंतीवरून परतलेली लाट निदान उलट्या दिशेने चालते म्हणून ओळखू तरी येते. हे पॅकेट योग्य दिशेनेच चालत असतं, त्यामुळे नजर पटकन फसते.

ध्वनिलहरींसाठी एका ओळीची सीमा-अट पुरते. इथे ती का चालत नाही?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

साध्या तरंग समीकरणात एका मितीत प्रत्येक लाट एकाच वेगाने जाते. म्हणून कडेवर एवढंच लिहायचं: वेळेनुसार होणारा बदल अधिक वेग गुणिले अवकाशातला उतार बरोबर शून्य. ही अट बाहेर जाणाऱ्या लाटेला वाट देते आणि आत येणारी निर्माणच होऊ देत नाही. दोन-तीन मितींत लाट तिरकी येते तेव्हा हे जरा बिघडतं. त्यावर एंगक्विस्ट आणि मायडा यांनी १९७७ मध्ये चढत्या अचूकतेच्या अटींची मालिका दिली.

श्रोडिंगर समीकरणात प्रत्येक वेव्हनंबरचा वेग वेगळा. सिद्धेश्वर तलावाच्या कठड्याशी उभं राहून वाऱ्याने उठलेल्या लाटा बघितल्यात तर हे पटकन उमगेल: लांब लाटा आणि बारीक तरंग एका चालीने चालत नाहीत, आणि दगडी काठाला आपटून दोन्ही परततात. आता असा काठ बांधायचा की प्रत्येक लाट आपापल्या वेगाने त्याच्या आरपार निघून जाईल. काठाला एकच वेग सांगितला तर त्याच वेगाची लाट सुटेल, बाकीच्या थोड्याफार परत फिरतील. आपल्या पॅकेटचा वेगवान घटक कडेला वेळ ३.१ च्या सुमारास पोचतो आणि सावकाश घटक ५.७ ला. एका वेगासाठी बांधलेली अट या सगळ्यांना एकसारखा न्याय देऊच शकत नाही.

मग अचूक अट आहे तरी का?

आहे, आणि ती सुंदर आहे. कडेच्या पलीकडे विभव (पोटेन्शियल) शून्य असेल आणि सुरुवातीचं वेव्हफंक्शन पूर्णपणे आत असेल, तर पलीकडचं समीकरण लाप्लास रूपांतराने (जे वेळेच्या डेरिव्हेटिव्हचं साध्या गुणाकारात रूपांतर करतं) कागदावरच सुटतं. अनंताकडे जाताना विरणारं उत्तर ठेवायचं, वाढणारं टाकून द्यायचं. उरतं ते असं: कडेवरचा उतार म्हणजे वेव्हफंक्शनचं वेळेनुसार अर्धं डेरिव्हेटिव्ह, गुणिले दोनाचं वर्गमूळ, गुणिले उणे ४५ अंशांचा फेज, आणि पुढे उणे चिन्ह.

अर्धं डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय, तर आजवर कडेवर वेव्हफंक्शनची जी जी किंमत होती तिला तेव्हापासून लोटलेल्या वेळेच्या वर्गमुळाने भागायचं, सगळ्याचं इंटिग्रल घ्यायचं, त्याचा वेळेनुसार बदलाचा दर काढायचा आणि पायच्या वर्गमुळाने भागायचं. म्हणजे ही अट फक्त या क्षणाकडे बघत नाही. कडेवर सुरुवातीपासून जे घडलं ते सगळं तिला आठवावं लागतं. याला पारदर्शक सीमा-अट म्हणतात.

ही स्मृती भौतिकशास्त्रातूनच येते. सावकाश घटक मागे रेंगाळतात. आत्ता कडेवर जे दिसतं आहे ते कोणत्या वेगाच्या घटकांचं मिश्रण आहे, हे एका क्षणाच्या किमतीवरून कळायला मार्गच नाही. ते कळायला मागचा इतिहासच लागतो.

एवढा इतिहास साठवणं महाग पडत नाही का?

एका मितीत फारसं नाही. टाइम स्टेप ०.०१ आणि वेळ ४० म्हणजे ४००० पावलं. दर पावलाला मागच्या सगळ्या किमतींची बेरीज केली तर एका कडेला ८० लाख गुणाकार. डोळ्याचं पातं लवायच्या आत होतात. पावलं दोन लाख असतील तर आकडा २००० कोटींवर जातो, आणि तिथे मात्र जाणवू लागतं.

उपाय असा की स्मृतीचा भार घातांकी पदांच्या बेरजेत लिहायचा. घातांकी पदाचा गुण हा की जुना इतिहास एका आकड्यात मुडपून ठेवता येतो आणि दर पावलाला तो एका गुणाकाराने ताजा होतो. आर्नोल्ड, एर्हार्ट आणि सोफ्रोनोव यांनी २००३ मध्ये हे श्रोडिंगरसाठी नीट बसवून दाखवलं. वीस पदं घेतली तर दोन लाख पावलांना ४० लाख गुणाकारांत काम होतं.

मी अर्ध्या डेरिव्हेटिव्हचं सूत्र बरोबर टाकलं, तरीही थोडं परावर्तन येतंय. कुठे चुकतंय?

बहुतेक कुठेच चुकत नाहीये. सूत्र अखंड समीकरणाचं आहे आणि तुमच्या बॉक्समध्ये चाललंय ते तुकड्या-तुकड्यांचं समीकरण. क्रँक-निकल्सन (आत्ताच्या आणि पुढच्या पावलाची सरासरी घेऊन सरकणाऱ्या) पद्धतीच्या ग्रिडवर लाटांचे वेग खऱ्या वेगांपेक्षा किंचित वेगळे असतात. कड एका गणितावर चालते, आतला भाग दुसऱ्या, आणि त्या फटीतून परावर्तन येतं. अखंड सूत्राचं इंटिग्रल कसंही तोडलं तर पद्धत अस्थिरही होऊ शकते. आकडे फुगत गेले तर आधी तिथेच बघा. बास्काकोव आणि पोपोव यांची १९९१ ची मांडणी या वाटेवरचं चांगलं पाऊल होतं, पण त्यातही थोडं परावर्तन उरतंच.

आर्नोल्ड यांनी १९९८ मध्ये क्रमच उलटा केला. आधी आत आणि बाहेर सगळीकडे क्रँक-निकल्सन लावायचं, आणि मग त्या तुकड्यांच्या समीकरणासाठीच बाहेरचं उत्तर काढायचं. लाप्लासच्या जागी झेड-रूपांतर, म्हणजे तुकड्यांच्या वेळेसाठीचं तसंच रूपांतर, येतं. मिळणारी अट त्या पद्धतीपुरती तंतोतंत अचूक असते. म्हणजे बॉक्स अनंत मोठा घेतला असता तर जे आकडे आले असते तेच येतात, राउंडिंगचा फरक सोडून. एक बारकावा लक्षात ठेवा: या अटीचे सहगुणक अधिक-उणे असे झुलत राहतात आणि वजाबाकीत अचूकता जाते. लागोपाठच्या दोन पावलांची सोयीची बेरीज घेतली की सहगुणक पावलांच्या दीड घाताच्या प्रमाणात झपाट्याने लहान होतात. प्रोग्राममध्ये हेच रूप वापरा.

शोषक थर सोपा वाटतो. तोच लावू का?

लावा, पण त्याला नीट ओळखून. कडेजवळच्या पट्ट्यात विभवात उणे काल्पनिक पद मिळवायचं की वेव्हफंक्शन तिथे विरत जातं. कोडमध्ये ही एका ओळीची भर आहे. चिन्ह चुकलं तर विरण्याऐवजी फुगतं आणि काही पावलांत पडद्यावर सगळे आकडे बेकार होतात. ते लगेच समजतं.

लवकर न समजणारी गोष्ट थराच्या मापाची. समजा थर ५ लांबीचा, आतून बाहेर वर्गाच्या प्रमाणात वाढणारा, टोकाला त्याची ताकद ५. वेव्हनंबर ५ चा घटक आत शिरतो, मागच्या भिंतीला आपटतो आणि परत येतो. या दुहेरी प्रवासातून वाचणारी संभाव्यता सुमारे हजारात सव्वा. थर १० लांबीचा केला, टोकाची ताकद तीच ठेवली, तर दहा लाखांत दीड. लांबी दुप्पट केल्याने फरक आठशेपटीच्या आसपास पडला. म्हणून जागा हाताशी असेल तर ताकद वाढवू नका, थर लांब करा. ताकद एकदम वाढवली की थर स्वतःच भिंत होतो आणि लाट त्याच्या तोंडावरूनच परतते.

आता वेव्हनंबर ०.५ चा घटक घ्या. त्याची तरंगलांबी १२.६, म्हणजे थरापेक्षा मोठी. त्याला हा हळूहळू वाढणारा थर हळूहळू वाढणारा वाटतच नाही, एक पायरीच वाटते. शोषक थराची खरी परीक्षा सावकाश घटकांवर होते, आणि प्रोजेक्टांत नेमके तेच तपासायचे राहतात. मानोलोपोलस यांनी २००२ मध्ये दिलेला थर मागच्या भिंतीपर्यंत काहीच पोचू देत नाही आणि त्यात ठरवायचा आकडाही एकच. हाताने आकार जुळवत बसण्यापेक्षा मी तो सुचवतो.

पीएमएल (परफेक्टली मॅच्ड लेयर) आणि शोषक थर एकच ना?

दिसतात सारखे, आतून वेगळे. बेरेंजे यांनी १९९४ मध्ये विद्युतचुंबकीय लहरींसाठी पीएमएल आणला. कल्पना अशी की विभवाला हात लावायचा नाही, थरात शिरल्यावर अंतर मोजायचा अक्षच संमिश्र प्रतलात ४५ अंशांनी वळवायचा. बाहेर जाणारी लाट वळवलेल्या अक्षावर आपोआप विरते, आणि अखंड समीकरणात थराच्या तोंडावर परावर्तन अजिबात होत नाही, कुठल्याही वेगाला. ग्रिडवर थोडं होतं, म्हणून वळण एकदम न देता गुळगुळीत वाढवायचं.

सावकाश घटक इथेही पिच्छा सोडत नाहीत, फक्त वेगळ्या कारणाने. थरातलं एकूण वळण ४ धरलं तर वेव्हनंबर ५ च्या लाटेची उंची जाण्याच्या प्रवासातच दहा लाखांत एकाहून कमी उरते. वेव्हनंबर ०.५ ची मात्र जवळपास पाव उरते, आणि परतीचा प्रवास धरला तरी संभाव्यतेत हजारात साडेतीन आत येतात.

अणुभौतिकीत याच कल्पनेला बाह्य संमिश्र स्केलिंग म्हणतात. बॅरी सायमन यांनी ते १९७९ मध्ये मांडलं, पीएमएलच्या बरंच आधी. दोन शाखांनी आपापल्या गरजेतून एकच वाट काढली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

थोडक्यात, मी काय वापरू?

एक मिती आणि थोडा वेळ असेल तर मोठा बॉक्स. एक मिती, दीर्घ वेळ आणि क्रँक-निकल्सन असेल तर आर्नोल्डची अट. एकदा लिहिली की कुठलाही आकडा जुळवावा लागत नाही, हे सुख मोठं आहे. स्प्लिट-ऑपरेटर वापरत असाल तर शोषक थर, कारण एफएफटीच्या साच्यात तो सहज बसतो. दोन-तीन मिती, किंवा कडेपर्यंत पोचणारं विभव असेल तर पीएमएल किंवा संमिश्र स्केलिंग. मार्गदर्शक काही वेगळं सांगत असतील तर कारण विचारा. त्यांच्या प्रश्नात असं काही असू शकतं जे या यादीत नाही.

हायड्रोजन अणूचं काय? त्याचं विभव तर कधीच शून्य होत नाही.

बरोबर. केंद्रापासून १०० एककांवरही कूलोंब विभव उणे ०.०१ असतं, म्हणजे सुमारे पाव इलेक्ट्रॉनव्होल्ट. पारदर्शक अटीचं गृहीतकच तिथे मोडतं. संमिश्र स्केलिंगला हे विभव चालतं, कारण ते वळवलेल्या अक्षावरही नीट लिहिता येतं. लेसरच्या क्षेत्रात अणू ठेवला तर क्षेत्राचं पद अंतराबरोबर वाढतच जातं. तिथे विभव कोणत्या गेजमध्ये (तेच क्षेत्र मांडण्याच्या कोणत्या रूपात) लिहिलं आहे यावरही कडेची वागणूक अवलंबून असते. ॲटोसेकंद स्पंदनांचा अभ्यास, ज्याच्या प्रयोगपद्धतींना २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यातली आयनीभवनाची गणितं याच कडांशी झुंजत असतात.

थर लावल्यावर एकूण संभाव्यता १ राहत नाही. ही चूक आहे का?

नाही. ती कमी होणं म्हणजे पॅकेट बॉक्सबाहेर गेलं. पारदर्शक अटीतही ती कमी होते. उलट, पॅकेट कडेपार गेल्यावरही बेरीज १ च राहिली तर कुठेतरी भिंत आहे किंवा एफएफटीसारख्या दोन कडा जोडलेल्या आहेत. बेरीज वाढताना दिसली तर मात्र थांबा, चिन्ह आणि स्थिरता दोन्ही तपासा.

माझं पॅकेट वेळ ४ ला १९.७ वरच आहे. हाही कडेचा दोष का?

हा ग्रिडचा दोष. अंतर ०.०५ आणि वेव्हनंबर ५ असेल तर तीन बिंदूंच्या सूत्रामुळे पॅकेट सुमारे १ टक्का हळू चालतं. टाइम स्टेप ०.०१ मुळे आणखी ०.४ टक्के. मिळून १.४ टक्के, म्हणजे २० ऐवजी साधारण १९.७२. कडेच्या चुका आणि ग्रिडच्या चुका वेगळ्या काढायला शिका. ग्रिड बारीक केल्यावर जी कमी होते ती ग्रिडची, बॉक्स मोठा केल्यावर जी कमी होते ती कडेची. एकाच वेळी दोन्ही बदलले तर कुणाचा दोष कुणाच्या माथी बसला हे कधीच कळणार नाही.

उत्तर बरोबर आहे हे तपासायचं कसं?

मोकळ्या गाउशियनचं उत्तर सूत्राने माहीत आहे, तिथून सुरुवात करा. पण त्यावर थांबू नका, कारण मोकळ्या अवकाशात आत विभवच नसल्याने परीक्षा सोपी होते.

माझी आवडती चाचणी वेगळी आहे. बॉक्सच्या मध्यभागी उणे सेच-वर्ग (sech²) आकाराची खाच ठेवा, खोली बरोबर १ आणि रुंदीचं मापही १. हे विभव कोणत्याही ऊर्जेच्या लाटेला परतवत नाही, हे कागदावर सिद्ध झालेलं आहे. शिवाय २० वर ते इतकं लहान होतं की ते १ मध्ये मिळवलं तर दुहेरी अचूकतेच्या संगणकालाही फरक दिसत नाही. आता तेच पॅकेट उणे १० वरून सोडा आणि वेळ १२ ला बॉक्समध्ये किती संभाव्यता उरली ते बघा. ग्रिड पुरेसा बारीक असेल तर ती दहा लाखांत एकाहूनही कमी असायला हवी. जास्त उरली तर ती कडेवरून आलेली आहे, कारण खाच परतवतच नाही. परतलेलं पॅकेट त्या वेळी पुन्हा उणे १० च्या आसपास सापडेल. आलेख लॉगरिदमिक अक्षावर काढा. साध्या अक्षावर हजारात एक दिसतसुद्धा नाही, आणि मग सगळंच छान वाटतं.

यानंतर वेव्हनंबर ५ ऐवजी १ घ्या आणि पॅकेट रुंद करा. सावकाश घटक बाहेर पडायला वेळ लागेल, म्हणून थांबण्याची वेळही वाढवा. पहिल्या चाचणीत उत्तम ठरलेला थर इथे किती टिकतो, ते स्वतः बघितल्याशिवाय समजणार नाही.

अरेषीय समीकरणाला हेच चालेल का?

पूर्ण नाही. लाप्लास रूपांतराची सगळी वाट रेषीयतेवर उभी आहे. कडेशी पोचेपर्यंत वेव्हफंक्शन बारीक झालं असेल तर रेषीय अट बऱ्यापैकी निभावते. सॉलिटॉन (आकार न बदलता चालणारी एकटी लाट) मात्र बारीक होतच नाही, तो आहे त्या उंचीने कडेवर येतो. तिथे पीएमएल लावून आकड्यांनी खात्री करून घेणं बरं.

रेझोनन्सचं (काही काळ टिकून मग क्षय पावणाऱ्या अवस्थेचं) आयुष्य काढायचं आहे. वेळेत पुढे जाऊ की थेट आयगेनव्हॅल्यू काढू?

आयुष्य लांब असेल तर थेट आयगेनव्हॅल्यू. शोषक थर किंवा संमिश्र स्केलिंग लावलं की आयगेनव्हॅल्यू संमिश्र येतात. वास्तव भाग ऊर्जा, आणि काल्पनिक भागाच्या दुपटीतून क्षयाचा दर. नुसत्या बॉक्समध्ये भिंतींमुळे अखंड वर्णपटाच्या जागी खोट्या पातळ्यांची रांग येते, आणि त्यांतून खरी निवडणं अवघड असतं. संमिश्र स्केलिंगमध्ये ओळखायची खूण स्वच्छ आहे: वळणाचा कोन बदला. अखंड वर्णपट कोनाच्या दुपटीने फिरतो, रेझोनन्स जागचा हलत नाही.

यासाठी मोठा संगणक लागतो का? आमच्याकडे साधा लॅपटॉप आहे.

एका मितीला साधा लॅपटॉप भरपूर झाला. पायथनमध्ये क्रँक-निकल्सनसाठी सायपाय (SciPy) लायब्ररीचा पट्टा-मॅट्रिक्स सॉल्व्हर वापरा. पूर्ण मॅट्रिक्सचा इन्व्हर्स कधीही काढू नका, ६००० बिंदूंना तो विनाकारण घाम काढतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा लॅपटॉप तापून स्वतःच वेग कमी करतो. लांब गणितं पहाटे लावा आणि दर काही हजार पावलांनी वेव्हफंक्शन फाइलमध्ये लिहा. पारदर्शक अट वापरत असाल तर कडेचा इतिहासही त्याच फाइलमध्ये लिहायला हवा. वीज गेल्यावर फक्त वेव्हफंक्शनवरून पुन्हा सुरुवात केली तर कडेला मागचं काहीच आठवत नाही, आणि त्या क्षणापासून परावर्तन सुरू होतं. घातांकी बेरजेचं रूप वापरलं असेल तर इतिहास म्हणजे प्रत्येक कडेला वीस-एक आकडे, फाइलला त्यांचा भारही होत नाही.

प्रोजेक्टच्या अहवालात कडेबद्दल काय लिहायचं?

बॉक्सची लांबी, बिंदूंमधलं अंतर, टाइम स्टेप, कोणती अट किंवा कोणता थर, थर असेल तर त्याची लांबी, आकार आणि ताकद. सोबत एक आलेख: बॉक्स दीडपट केल्यावर तुमचं मुख्य उत्तर किती हललं. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न याच आलेखावर येईल असं धरून चला, आणि तो कुठल्या वेव्हनंबरपर्यंत तपासला आहे ते आलेखाखालीच लिहून ठेवा.